मातीची गाडी, सोन्याची गाडी : दूरदर्शनवरच्या विज्ञानमालिका आणि त्यांची खेळणी

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चे नाव एका खेळण्यावरून पडले आहे, हे आपण वर्गात दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी त्यावरून घाईने पुढे जातो. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजाऱ्याच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळलेला असतो. ती गाडी परत गेल्यावर दासी रदनिका त्याला मातीची गाडी करून देते, पण त्याला ती नको असते. वसंतसेना अंगावरचे दागिने उतरवून त्या मातीच्या गाडीत भरते आणि याची सोन्याची गाडी करून घे, असे त्या मुलाला सांगते. पुढे हेच दागिने न्यायसभेत विदूषकाजवळून खाली पडतात आणि चारुदत्ताविरुद्धचा पुरावा ठरतात. खेळणे ही क्षुल्लक वस्तू नव्हे, वेळ आली की ते साक्ष देते, हे संस्कृत नाटककाराला ठाऊक होते. आपल्या वाङ्मयेतिहासाला मात्र ते अजून पुरते पटलेले दिसत नाही.

प्रस्तुत लेख अशाच दोन गाड्यांविषयी आहे. फरक इतकाच, की त्या गाड्या नसून दूरचित्रवाणीवरील विज्ञानमालिकांत दिसणाऱ्या उपकरणांच्या प्रतिकृती आहेत. आणि त्या उज्जयिनीत नव्हे, तर नागपुरात, धंतोलीतल्या एका घराच्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत सापडल्या.

आमच्यापैकी एकाचे आजोळ धंतोलीतले. रामकृष्ण मठापासून चालत जाण्याच्या अंतरावर, पुढे अंगण आणि मागे विहीर असलेले जुने घर. धंतोलीत अशी घरे आता फार उरलेली नाहीत. जिथे वकील आणि प्राध्यापक राहत, तिथे आज रुग्णालये, औषधांची दुकाने आणि तपासणीच्या प्रयोगशाळा आहेत. मामा गेले, मामी मुलाकडे बंगळुरूला गेल्या आणि घर पुनर्विकासाला देण्याचे ठरले. माळा रिकामा करण्याचे काम आम्हां दोघांकडे आले. मामेभावाने फोनवर सांगितले, ‘‘पुस्तकं तुम्ही घ्या. पेटीत माझा एक अमेरिकन ट्रायकॉर्डर असेल, तेवढा सांभाळून ठेवा, त्याला किंमत आहे. बाकीचं भंगारात द्या.’’

पेटीत तीन वस्तू होत्या. पहिली, खोक्यासकट जपलेला प्लेमेट्स कंपनीचा ट्रायकॉर्डर. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेतल्या हातात धरायच्या तपासणी-यंत्राची ती दिवे आणि आवाज असलेली प्रतिकृती. मावशीने १९९४ च्या दिवाळीत ती अमेरिकेहून आणली होती. दुसरी, पुठ्ठ्याचे आणि चांदीच्या कागदाचे एक मनगटी घड्याळ. तिसरी, बिजागरीच्या झाकणाची प्लास्टिकची साबणदाणी. तिला बाहेरून काळा तैलरंग दिलेला, आत बॅटरीचा बल्ब, दोन पेन्सिल सेलची जागा आणि झाकणावर चहाच्या गाळणीची जाळी चिकटवलेली. ही मामांनी १९८५-८६ च्या सुमारास भाचरांसाठी स्वतः केली होती. झाकण उघडले की बल्ब लागत असे. उघडताना होणारा आवाज आम्ही तोंडाने काढत असू.

मामेभावाच्या शब्दांप्रमाणे पहिली वस्तू ठेवायची होती आणि उरलेल्या दोन भंगारात जायच्या होत्या. आम्हांला ते जमले नाही. का जमले नाही, याचा विचार करताना जो इतिहास समोर आला, तो येथे मांडत आहोत.

२

आधी त्या सोन्याच्या गाडीचे कूळ पाहू. ‘स्टार ट्रेक’ ही मालिका अमेरिकेत सप्टेंबर १९६६ ते जून १९६९ या काळात प्रसारित झाली. तिचे एकूण ७९ भाग झाले. नाटकवाले ज्याला ‘प्रॉपर्टी’ म्हणतात, त्या हातातल्या वस्तूंना या मालिकेत असाधारण महत्त्व होते. अवकाशयानाबाहेर पडलेला माणूस यानाशी बोलतो तो झाकण उघडून, आणि अनोळखी ग्रहावरची हवा तपासतो ती खांद्याला लटकवलेल्या यंत्राने. यांतले संदेशयंत्र (कम्युनिकेटर) आणि ट्रायकॉर्डर वाह चँग या चिनी वंशाच्या अमेरिकन शिल्पकाराने घडवले. तो संबंधित कामगार संघटनेचा सदस्य नव्हता. त्यामुळे हे काम त्याला सरळ देता येत नव्हते आणि मालिकेच्या श्रेयनामावलीतही त्याचे नाव आले नाही. ज्या वस्तू पुढे जगभर ओळखल्या गेल्या, त्यांचा कर्ता पडद्यावर अनामिक राहिला. लोकसाहित्याच्या अभ्यासकांना ही स्थिती नवी वाटणार नाही.

या वस्तू प्रत्यक्षात काय करत होत्या? जवळजवळ काहीच नाही. संदेशयंत्राच्या दर्शनी भागात रेषांची नक्षी असलेली एक चकती फिरते. ती फिरवायला स्टॉपवॉचची यंत्रणा वापरलेली होती. आवाज नंतर, चित्रीकरण झाल्यावर ध्वनिपट्टीवर भरलेला. दूरून दिसायच्या प्रती तर नुसत्या पोकळ. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ’ म्हणतो ते मुके होते. अभिनेत्याचा हात, संकलकाची कात्री आणि प्रेक्षकाचा विश्वास या तिघांनी मिळून त्याला बोलके केले.

खेळणी-उत्पादकांनी सुरुवातीला या बोलकेपणाकडे लक्ष दिले नाही. १९६७ च्या सुमारास रेम्को कंपनीने आपल्या आधीच्याच खेळण्यांवर मालिकेचे नाव चिकटवून ती विकायला काढली. जुन्या कादंबरीवर नवे मुखपृष्ठ चढवण्यासारखाच हा प्रकार. १९७४ मध्ये एएमटी कंपनीने डिंकाने जोडायचा एक संच काढला. त्यात शस्त्र, संदेशयंत्र आणि ट्रायकॉर्डर तिन्ही होते, पण मूळ आकारापेक्षा लहान. सत्तरच्या दशकातच मेगो कंपनीने संदेशयंत्राच्या रूपातले वॉकीटॉकी आणले. पडद्यावरचे यंत्र काळे, तर खेळणे निळे. पण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत त्यावरून खरेच बोलता येई. याच कंपनीचा १९७६ चा ट्रायकॉर्डर हा प्रत्यक्षात कॅसेट वाजवणारे यंत्र होता. रूप चुकलेले, पण करणी साधलेली. पुढे १९९२ पासून मूळच्या हाँगकाँगच्या प्लेमेट्स कंपनीने आकार, दिवे आणि आवाज या तिन्ही बाबतींत पडद्याच्या जवळ जाणारी खेळणी काढली. पेटीतला ट्रायकॉर्डर या पिढीतला.

येथवरचा क्रम नीट पाहिला तर एक चमत्कारिक उलटापालट ध्यानात येते. प्रतिकृती मुळापेक्षा उणी असते, असे आपण प्लेटोपासून मानत आलो. येथे मूळ वस्तू पोकळ आहे आणि प्रतिकृतीत सर्किट आहे. मूळ वस्तू अभिनय करते आणि प्रतिकृती काम करते. २०१६ मध्ये द वाँड कंपनी या ब्रिटिश संस्थेने एका अस्सल संदेशयंत्राचे त्रिमितीय मोजमाप घेऊन जी प्रतिकृती केली, ती ब्लूटूथने मोबाइलला जोडून तिच्यावर खरोखर बोलता येते. पन्नास वर्षांपूर्वीच्या सोंगाचे वचन त्या सोंगाच्या नकलेने पुरे केले. चांगल्या भाषांतराविषयी बोलताना आपण कधीकधी असेच काहीतरी म्हणत असतो, पण धीर करून पूर्णपणे म्हणत नाही.

तरीही पैसा मुळाकडेच जातो. ऑक्टोबर २००६ मध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्तीज या लिलावगृहाने या मालिकांतल्या वस्तूंचा मोठा लिलाव केला. त्यात यानाचे एक चित्रीकरणाचे मॉडेल ५ लाख ७६ हजार डॉलरला गेले. संग्राहकांच्या जगात या घटनेने एक रेघ ओढली. मुळाचा मालक एकीकडे आणि प्रतिकृतीचा मालक दुसरीकडे.

३

आता मातीची गाडी. दूरदर्शनने ऐंशीच्या दशकाच्या मध्याला रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ दाखवली, तेव्हा आमच्या गल्लीत दूरदर्शन संच मोजक्या घरांत होते. इंग्रजी संवाद आम्हांला कळत नव्हते. म्हणूनच असेल, वस्तू फार नीट कळल्या. भाषा न कळणाऱ्या प्रेक्षकाला हातातली वस्तू हेच वाक्य असते. त्याच दशकात ‘जायंट रोबो’ या जपानी मालिकेचे इंग्रजी रूप आले. त्यातला मुलगा मनगटावरच्या घड्याळात बोलून प्रचंड यंत्रमानवाला हाक मारी. पेटीतले पुठ्ठ्याचे घड्याळ हे त्याचेच. नागपूरच्या कितीएक शाळांच्या मैदानांवर त्या काळात मुले मनगटाशी तोंड नेऊन आज्ञा देत होती. पुढे १९८९ मध्ये आनंद महेंद्रू यांची ‘इंद्रधनुष’ आली. तिच्यात मुलांनी जुळवलेल्या संगणकातून कालप्रवास घडतो. त्याच सुमारास ‘स्पेस सिटी सिग्मा’ आली. १९९८ मध्ये केतन मेहता यांच्या ‘कॅप्टन व्योम’मध्ये मिलिंद सोमण अवकाशवीर झाले.

या साऱ्या मालिकांच्या वस्तूंच्या प्रतिकृती आम्हांला आमच्या बाजारात कधी दिसल्या नाहीत. ही-मॅनच्या बाहुल्या लिओ-मॅटेलने भारतात काढल्या, आणि १९८७ मध्ये सुरू झालेल्या फनस्कूलच्या गोव्यातल्या कारखान्यातून विदेशी खेळण्यांची देशी रूपे बाहेर पडली. पण ती मध्यमवर्गालाही वाढदिवसापुरती परवडत. सीताबर्डीच्या दुकानात काचेआड ठेवलेली ती खेळणी पाहून परत येणे हा आमचा रविवारचा कार्यक्रम असे. दूरचित्रवाणीवरून आलेले जे खेळणे खरोखर घराघरांत पोहोचले, ते विज्ञानमालिकेचे नव्हते. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात ‘रामायण’ चालू असताना जत्रांतून, रस्त्याच्या कडेला प्लास्टिकचे धनुष्यबाण आणि गदा मिळू लागल्या. त्यांना परवाना नव्हता, खोके नव्हते, कोणत्याही संग्राहकाची किंमतपत्रिका नव्हती. दसऱ्याच्या लाकडी तलवारींची परंपरा त्यांच्या पाठीशी होती, त्यामुळे त्या कोणाला नव्या वाटल्याच नाहीत.

नागपूरकराला प्रतिकृतीचे खेळणे मुळातच परके नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येथे तान्हा पोळा भरतो. मुले चाकांचे लाकडी नंदी सजवून आणतात, घरोघर फिरतात आणि बोजारा मागतात. ही प्रथा नागपूरकर दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केली, असे सांगतात. आदल्या दिवशी खरा बैल पुजला जातो, दुसऱ्या दिवशी त्याची प्रतिकृती. आणि ती पुजताना कोणी ‘हा नकली बैल’ असे म्हणत नाही. मुलाला कर्त्या माणसांच्या जगात शिरण्यासाठी दिलेले ते दार आहे. मामांची साबणदाणी आम्हांला त्याच कुळातली वाटते. मात्र या वेळी प्रतिकृती होती ती शेतीतल्या सोबत्याची नव्हे, तर अजून न आलेल्या काळाची.

येथे मराठी विज्ञानकथेची आठवण अपरिहार्य आहे. ज्या १९६६ साली ‘स्टार ट्रेक’ सुरू झाली, त्याच वर्षी मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ मध्ये ‘ना. वि. जगताप’ या नावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिला क्रमांक मिळाला. ते नाव उलटे वाचले की जयंत विष्णु नारळीकर यांची आद्याक्षरे निघतात. १९७९ मध्ये त्यांचा ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला. पुढे ते नाशिकच्या २०२१ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि मे २०२५ मध्ये गेले. त्यांच्या आणि त्यांच्या समकालीनांच्या कथांनी आमच्या पिढीला अंतराळाची भाषा दिली. पण एक गोष्ट नोंदवायला हवी. ही विज्ञानकथा कल्पनेची आणि युक्तिवादाची कथा होती, वस्तूंची नव्हती. तिच्यातली यंत्रे सूत्रासारखी येतात. त्यांना झाकण, बटन, पट्टा, वजन क्वचितच असते. कृष्णविवराची प्रतिकृती करून कोणाला शेजारच्या मुलाला दाखवता येत नाही.

परिणामी आमच्या बालपणात एक विचित्र विभागणी झाली. विज्ञानकथेचे शब्द मराठीतून आले, वस्तू इंग्रजी आणि हिंदी मालिकांतून आल्या आणि त्या वस्तूंच्या प्रतिकृती कोठूनच आल्या नाहीत. ती रिकामी जागा साबणदाणीने भरून काढली. मराठी विज्ञानकथेच्या ग्रहणाचा, म्हणजे वाचकांनी-प्रेक्षकांनी ती कशी पचवली याचा, इतिहास कधी लिहायचा झाला तर त्यातला एक कागद अशा घरगुती वस्तूंचा असेल. ग्रहणसिद्धान्तावर आपण प्रश्नपत्रिका काढतो. ग्रहणाचा पुरावा मात्र माळ्यावरून भंगारात जातो.

४

पुरावा कसा नाहीसा होतो, याचे एक बोलके उदाहरण इंग्लंडात आहे. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेत डिसेंबर १९६३ मध्ये डालेक नावाचे यंत्रराक्षस आले आणि १९६४-६५ मध्ये त्यांच्या खेळण्यांनी तिथला बाजार भरून गेला. याच मालिकेतले ‘सॉनिक स्क्रूड्रायव्हर’ हे उपकरण पहिल्यांदा दिसले ते १९६८ च्या ‘फ्युरी फ्रॉम द डीप’ या सहा भागांच्या कथेत. आज त्याच्या दिवे लागणाऱ्या, आवाज करणाऱ्या प्रतिकृती जगभर विकल्या जातात. २००५ मध्ये मालिका पुन्हा सुरू झाल्यावर तर प्रत्येक नव्या नायकाबरोबर नवी आवृत्ती निघत गेली. पण ज्या कथेत ते प्रथम आले, तिचे सहाही भाग बीबीसीच्या संग्रहात नाहीत. फिती महाग होत्या, पुनःप्रक्षेपणाचे हक्क मर्यादित होते, म्हणून त्या काळी कार्यक्रम पुसून टाकले जात. कथेचा आवाज तेवढा उरला, तोही काही प्रेक्षकांनी घरी टेपरेकॉर्डर लावून ध्वनिमुद्रण केले होते म्हणून. त्या आवाजाच्या आधारे २०२० मध्ये तिचे ॲनिमेशन झाले.

संस्थेने पुसले आणि प्रेक्षकाने राखले. महानुभावांच्या संहितांचा किंवा वारकऱ्यांच्या बाडांचा अभ्यास करणाऱ्यांना यात नवे काही नाही. हस्तलिखिते राखली ती बहुधा ज्यांना ती रोज लागत होती त्यांनी, आणि म्हणूनच त्यांत चुका, भर आणि घरगुती दुरुस्त्या आहेत. मूळ संहिता हरवलेली, प्रती मात्र शेकडो. विज्ञानमालिकांच्या खेळण्यांचा संग्राहकही नकळत हेच काम करत असतो. तो आवृत्त्या लावतो, छापाच्या खुणा शोधतो, कोणत्या वर्षी निळे प्लास्टिक होते आणि कोणत्या वर्षी काळे, याची नोंद ठेवतो. त्याच्या या उद्योगाला आपण छंद म्हणतो आणि आपल्या उद्योगाला पाठचिकित्सा.

तथापि संग्राहकांच्या जगातही एक आंधळी जागा आहे. त्यांच्या याद्यांत कारखान्यातून निघालेलेच खेळणे असते. खोके फोडलेले आहे की नाही, यावर किंमत ठरते. म्हणजे ज्याच्याशी कोणी खेळले नाही, ते खेळणे सर्वांत मौल्यवान. पेटीतल्या ट्रायकॉर्डरचे तेच झाले होते. १९९४ च्या दिवाळीत तो आला, दोन वेळा वाजवून दाखवला गेला आणि ‘मोडेल’ म्हणून शोकेसमध्ये गेला. मामेभाऊ तेव्हा आठ वर्षांचा होता. काच सरकवण्याची त्याला परवानगी नव्हती. तो साबणदाणी घेऊन गच्चीवर जाई. तिचे एक बिजागर तुटले आहे, रंग अंगठ्याच्या जागी उडाला आहे आणि आत पेनाने लिहिलेले एक नाव दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिले आहे. एका खेळण्याने तीन मुले पाहिली, याचा हा लेखी पुरावा. ट्रायकॉर्डरच्या अंगावर असे एक अक्षर नाही.

सोन्याची गाडी आमच्याकडे दुर्मिळ राहण्याला कायद्याचाही इतिहास आहे. नव्वदच्या दशकापर्यंत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध होते. त्यामुळे अशी वस्तू यायची ती नातेवाइकाच्या सामानातून. उरलेले बहुतेक संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ ला उठले आणि स्वस्त चिनी खेळण्यांचा ओघ सुरू झाला. दिवे लुकलुकणाऱ्या, एकच सूर काढणाऱ्या बंदुका यशवंत स्टेडियमच्या आसपासच्या हातगाड्यांवरही दिसू लागल्या. पुढे सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील आयातशुल्क २० वरून ६० टक्क्यांवर नेले, २०२३ मध्ये ते ७० टक्के झाले. जानेवारी २०२१ पासून भारतीय मानकाचे चिन्हही बंधनकारक झाले. देशी उद्योगासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी ही धोरणे समजण्यासारखी आहेत. पण त्यांमुळे परदेशी प्रतिकृती गोळा करणे पुन्हा ऐपतीची गोष्ट झाली. शेजाऱ्याच्या मुलाची गाडी पुन्हा सोन्याची झाली.

५

पेटी घरी आणल्यावर प्रत्यक्ष अडचणी सुरू झाल्या. नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो. ट्रायकॉर्डरचे करडे प्लास्टिक पिवळसर झाले होते. आत राहून गेलेले अल्कलाइन सेल पाझरून पांढरी खार साचली होती. ही खार अल्कधर्मी असते. ती व्हिनेगरने किंवा लिंबाच्या रसाने पुसावी लागते. साबणदाणीत जुन्या पद्धतीचे जस्त-कार्बनचे सेल होते. त्यांचे पाझरणे आम्लधर्मी असते, तिथे खाण्याचा सोडा लागतो. एकाचा उतारा दुसऱ्याला अपाय. ज्यांच्या घरी अशी खेळणी असतील, त्यांनी आजच सेल काढून ठेवावेत, ही या लेखातली एकमेव व्यावहारिक सूचना.

ट्रायकॉर्डर पुसल्यावरही बोलला नाही. त्याच्या पाटीवर काळ्या डांबरासारखा एक थेंब असतो. त्याखाली आवाज साठवलेली चिप बंद केलेली असते. तो थेंब उघडून दुरुस्ती होत नाही. तशीच दुसरी वस्तू आणून तिच्यातली पाटी बसवणे, एवढाच मार्ग. साबणदाणीत मात्र लपवलेले काही नव्हते. दोन तारा, एक पट्टी, एक बल्ब. जी वस्तू अधिक कुशलतेने घडवली ती कायमची मुकी झाली आणि जी घरी जुळवली ती दुरुस्त होण्याजोगी राहिली.

दुरुस्त करावी का, यावर आम्हां दोघांत एकमत नव्हते, आणि ते मतभेद येथे लपवण्याचे कारण नाही. एकाचे म्हणणे, मामांनी दिलेला सोल्डरचा डाग हा त्यांच्या हस्ताक्षरासारखा आहे. तो काढून नवी तार लावली तर ती मामांची वस्तू राहणार नाही. दुसऱ्याचे म्हणणे, झाकण उघडल्यावर दिवा लागणे हाच त्या वस्तूचा अर्थ आहे. न पेटणारी साबणदाणी ही नुसती साबणदाणी. दोन्ही बाजू आपण वर्गात वेगळ्या नावांनी शिकवत असतो. संहितेला हात लावू नये म्हणणारा संपादक आणि प्रयोगाविना नाटक नाही म्हणणारा नट, यांच्यातलाच हा वाद. शेवटी जुनी तार जागेवर राहू दिली, तिच्या शेजारून नवी तार नेली आणि नव्या तारेला मुद्दाम वेगळा, पिवळा रंग निवडला. पुढे कोणाला ती काढावीशी वाटली तर मूळ रचना तशीच हाती लागेल. बल्ब जुनाच होता. तो लागला.

ती वस्तू ठेवायची कोठे, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. एका ग्रंथालयात आम्ही विचारून पाहिले. हस्तलिखिते आणि पत्रे घेतो, खेळणी घेत नाही, असे सौजन्याने सांगण्यात आले. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या अजब बंगल्यात शिलालेख, शस्त्रे आणि पेंढा भरलेले प्राणी पाहायला आम्हीही लहानपणी गेलो आहोत. तिथे काळ्या रंगाची साबणदाणी मांडा, असे म्हणण्याचा धीर होत नाही. पण मग पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आठवते. ते उभारणारे दिनकर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहिणारे कवी. अडकित्ते, दिवे, दौती, कुलपे, खेळणी अशा घरगुती वस्तू त्यांनी दारोदार फिरून जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले. अडकित्ता हा इतिहासाचा विषय आहे, हे त्या काळात कोणाला पटत असेल? कवीला पटले, कारण हाताने घासून गुळगुळीत झालेल्या वस्तूत माणसाची भाषा असते, हे त्याला वाचता येत होते.

आम्ही तूर्त एवढेच केले आहे. तिन्ही वस्तूंची छायाचित्रे घेतली, मापे घेतली आणि प्रत्येकीसाठी एक कार्ड लिहिले. कोणत्या मालिकेतली कोणती वस्तू, मूळ कर्ता ठाऊक असल्यास तो, प्रतिकृती कोणाची, कोणत्या साहित्याची, कोण खेळले, काय बदलले आणि कोणी बदलले. ट्रायकॉर्डरच्या कार्डावर ‘कोण खेळले’ हा रकाना रिकामा राहिला. साबणदाणीच्या कार्डावर ‘प्रतिकृती कोणाची’ या रकान्यात मामांचे नाव लिहिले. वाह चँगचे नाव मालिकेच्या श्रेयनामावलीत नव्हते. निदान या कार्डावर तरी दोघांची नावे एकाखाली एक आली.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी माळे असतील, आणि दिवाळीच्या साफसफाईत ते दरवर्षी हलके होत असतील. त्यात पुठ्ठ्याचे घड्याळ, जिलेटीनचा कागद लावलेली बॅटरी, खोक्याचा संगणक असे काही हाती लागले, तर फेकण्यापूर्वी त्याचे एक कार्ड करून ठेवावे, आणि जमल्यास वर्गात दाखवावे. पुढच्या सत्रात ‘मृच्छकटिक’ शिकवताना आम्ही साबणदाणी टेबलावर ठेवणार आहोत. मामेभावाला ट्रायकॉर्डर पाठवून दिला आहे. पार्सल मिळाल्यावर त्याचा फोन आला. ट्रायकॉर्डर वाजत नाही, याचे त्याला विशेष वाईट वाटले नाही. त्याने विचारले, ‘‘आणि ती काळी डबी? ती टाकली का रे?’’